रोमचा पहिला दिवस आम्ही मोकळा का ठेवतो

नमस्कार, तुमची तिकिटं आणि हॉटेलची व्हाउचर्स या पाकिटात आहेतच, पण प्रोग्रॅमच्या कागदावर पहिल्या दिवसासमोर काहीच लिहिलेलं नाही हे बघून दरवेळी फोन येतात, की अहो पैसे पूर्ण भरलेत मग पहिला दिवस रिकामा कसा. तो मुद्दाम रिकामा ठेवलाय. सुरुवातीला आम्हीही त्याच दिवशी दुपारी चारचं कलोसियम, म्हणजे रोमचं ते जुनं भव्य स्टेडियम, द्यायचो. एका फॅमिलीची फ्लाइट तीन तास लेट झाली, तिकिटं नावाची आणि ठरलेल्या वेळेची असतात त्यामुळे सगळी वाया गेली, आणि दुसरी फॅमिली वेळेत पोचली तर आजोबा पायरीवर बसल्या बसल्या झोपले आणि पोरं रडकुंडीला आली, कोणी काही धड बघितलंच नाही. तेव्हापासून कलोसियम दुसऱ्या दिवशी, सकाळी.

विमानतळ म्हणजे फ्युमिचिनो, शहरापासून साधारण ३० किमी. लिओनार्दो एक्सप्रेस ही ट्रेन ३२ मिनिटांत तेर्मिनी या मुख्य स्टेशनला सोडते, माणशी १४ युरो. पण चौघं मोठे असाल तर ५६ युरो होतात, आणि अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा जुन्या शहराच्या तटबंदीच्या आतला ठरलेला दर ५५ युरो आहे, सामानासकट, थेट हॉटेलच्या दारात. आमचं मत टॅक्सीच घ्या, कारण जुन्या रोममधले रस्ते काळ्या दगडांचे आहेत आणि त्यावरून चार मोठ्या बॅगा ओढताना चाकं निघतात. बाहेर येताच "टॅक्सी टॅक्सी" करत जे जवळ येतात त्यांच्याबरोबर जाऊ नका, लाइनीत उभं राहा.

बॅगेत तूप, पेढे, श्रीखंड, पनीर ठेवू नका, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. चिवडा, भाकरवडी, खाखरा बिनधास्त न्या.

रूम बहुतेक दुपारी दोन-तीनच्या आधी मिळत नाही, आधी पोचलात तर बॅगा रिसेप्शनला ठेवून घेतात. ते पासपोर्ट मागतील तर घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करणं हॉटेलला कायद्याने बंधनकारक आहे, नोंद झाली की परत देतात. सिटी टॅक्स माणशी-रात्री वेगळा द्यायचा, तो आमच्या पॅकेजमध्ये नाही, रोममध्ये १० वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही पण सगळ्यांना हवी असते: जेट स्प्रे नसतो, पण कमोडच्या शेजारी बहुतेक ठिकाणी एक बुटकं बेसिन असतं, त्याला बिदे म्हणतात, ते धुण्यासाठीच आहे. आज्जींना आधीच सांगून ठेवा, त्यांची अर्धी काळजी तिथेच मिटते.

मग अंघोळ करा, तासभर पडा, गजर लावून. जास्त झोपलात तर रात्र जाते. पाचच्या सुमाराला बाहेर पडा, रिकाम्या बाटल्या घेऊन. रस्त्यात जागोजागी लोखंडी नळ दिसतील, सतत वाहणारे, त्यांना तिथे नाझोने म्हणजे मोठं नाक म्हणतात, १८७४ पासून आहेत आणि शहरात साधारण अडीच हजार आहेत. पाणी गार आणि पिण्याचंच. पोरांना दाखवा, नळीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजासारखी धार उडते, वाकून थेट तोंड लावता येतं. पोरं प्रत्येक नळापाशी थांबतात आणि थांबू द्या, घाई कुठे आहे.

पँथिऑन, म्हणजे जुनं रोमन देऊळ, पहिल्या दिवशी बाहेरूनच बघा, आतलं तिकीट दुसऱ्या दिवसाचं आहे. तिथून चालत पाच मिनिटांवर पियात्सा नावोना हा मोठा चौक, मधलं कारंजं बेर्निनीचं, १६५१ सालचं. त्यात चार नद्यांचे चार पुरुष आहेत आणि त्यातली एक आपली गंगा आहे, हातात लांब वल्हं धरून बसलेली. नाईलचं डोकं कापडाने झाकलेलं, कारण तेव्हा तिचा उगम माहीत नव्हता. आज्जी-आजोबांना गंगेसमोर बेंचवर बसवा आणि मुलांना वल्हं शोधायला सांगा. आमच्या मते पहिल्या दिवसाला एवढं भरपूर आहे.

जेवायला रेस्टॉरंट शोधत बसू नका, बरीच साडेसातच्या आधी उघडत नाहीत. पिझ्झा अल ताल्यो घ्या, म्हणजे वजनावर कापून मिळणारा, बोटाने दाखवायचं एवढा. बटाट्याचा असतो, तो आपल्या मुलांना आवडतोच. "सेन्झा कार्ने" म्हटलं की मांस नको हे कळतं, पण मासा वेगळा विचारा, बारीक खारे मासे असतात वर. कडक व्हेज असाल आणि तिथलं चीजही चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा, त्यात चीजच नसतं, टोमॅटो लसूण फक्त.

रात्री पोरं तीनला उठली तर नवल नाही, उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा साडेसहा वाजलेले असतात. भाकरवडीचं पाकीट उशाशी ठेवा, चार्जर बारीक गोल दोन पिनचा असेल तर तसाच लागतो, मोठ्या तीन पिनचा लागत नाही.