थंडीत सायकलवर पायांत काय घालावं, आणि एक माप मोठं का घेऊ नये

थंडी सुरू झाली की आमच्याकडे ठरलेले दोन फोन येतात. पहिला, "तुमच्याकडच्या सगळ्यात जाड टाइट्स कोणत्या?" दुसरा आठवड्याभराने, बहुतेक वेळा त्याच ग्राहकाचा, "बदलून मिळतील का? गुडघ्यामागे काचतात, आणि थंडी तर वाजतेच आहे." टाइट्स म्हणजे सायकल चालवताना घालायची, पायांना लागून बसणारी लांब विजार. या दोन फोनांच्या मध्ये काय चुकतं ते एकदा सविस्तर लिहून ठेवावं, म्हणून हे पत्रक.

सायकलवरची थंडी ही मुख्यतः वाऱ्याची थंडी असते, आणि तो वारा आपणच तयार करतो. हवा 5 अंशांवर असताना ताशी 25 किलोमीटरने निघालात, तर उघड्या कातडीला ती जवळजवळ शून्य अंशासारखी लागते. उतारावर वेग 45 झाला की शून्याच्याही खाली. म्हणून दारात उभं राहून "आज किती गार आहे" याचा अंदाज घेतला तर तो चुकतो, आणि दोन्ही बाजूंनी चुकतो. चढावर अंगातून इतकी उष्णता निघते की जाड कपड्यात घामाने भिजायला होतं. पेडलवर आपण जी ताकद लावतो ती शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेच्या जेमतेम पाव हिस्सा असते. उरलेली सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

ही उष्णता सगळ्या पायात सारखी नसते. मांडीचे स्नायू मोठे असतात, ते सतत राबतात आणि गरम राहतात. गुडघ्यावर मात्र स्नायूही नाही आणि चरबीही नाही. कातडीखाली लगेच वाटी आणि तिला धरून ठेवणारा स्नायुबंध. त्यातून वाऱ्याला सगळ्यात आधी सामोरा जातो तो गुडघाच. म्हणून आमचा पहिला सल्ला नेहमी हाच असतो की मांडीचं काय ते नंतर बघू, आधी गुडघा झाका. हवा 18 अंशांच्या खाली गेली की गुडघा उघडा ठेवू नये, असं आम्ही सांगतो. "मला तर थंडी वाजत नाही" असं बरेच जण म्हणतात. खरं आहे, कारण मांडी गरम असते. पण गारठलेला गुडघा तेव्हा बोलत नाही, तो दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बोलतो.

आता मुख्य गोष्ट. परत येणाऱ्या टाइट्स आम्ही तपासतो तेव्हा बहुतेकींचं एकच कारण निघतं, ग्राहकाने मुद्दाम एक माप मोठं घेतलेलं असतं. हेतू समजतो. आत घरातली थर्मल घालता येईल, कापड सैल असलं की पाय मोकळे राहतील, धुतल्यावर आटलं तरी चालेल. रोजच्या पँटला हा विचार ठीक आहे. सायकलच्या टाइट्सला तो लागू होत नाही, कारण ऊब कापडापेक्षा कापडात अडकून स्थिर राहिलेल्या हवेची असते. आतून मऊ लव असलेलं कापड कातडीला लागून बसलं तरच ती लव हवा धरून ठेवते. ते सैल असलं की प्रत्येक पेडलबरोबर भात्यासारखं काम करतं. गुडघा वर आला की गरम हवा बाहेर, खाली गेला की गार हवा आत. मिनिटाला 85 फेरे धरले तर तासात प्रत्येक गुडघा पाच हजारांवर वेळा वाकतो. भाता तितक्या वेळा चालतो, आणि गुडघ्यामागे जमलेली चुणी तितक्याच वेळा एकाच जागी घासते. तीन तासांनी तिथे लाल वळ उठतो तो यामुळे. ग्राहकाला वाटतं कापड घट्ट आहे म्हणून काचलं. प्रत्यक्षात ते सैल असतं म्हणून काचतं.

आत थर्मल घालण्याची गोष्ट याहून वाईट. पॅड, म्हणजे बसायच्या जागी शिवलेली गादी, असलेली टाइट्स थेट अंगावर घालायची असते, आत अंतर्वस्त्रसुद्धा नको. पॅड आणि कातडी यांच्यामध्ये दुसरं कापड आलं की त्याची शिवण सीटवर रुतते आणि जांघेत सोलवटतं. त्यात ती थर्मल सुती असेल तर घाम शोषून ओलीच राहते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे उबेसाठी घातलेला थरच अंग गार करतो. थर वाढवायचाच असेल तर तो बाहेरून वाढवा. रोजची पॅडवाली शॉर्ट्स आत, आणि तिच्यावर बिनपॅडची टाइट्स. पॅड मात्र एकच. दोन पॅड एकमेकांवर सरकतात, आणि त्याचा त्रास किती होतो हे ज्याने एकदा अनुभवलंय तो पुन्हा विचारत नाही.

याचा अर्थ जितकं लहान तितकं चांगलं असाही नाही. फार ताणलेलं कापड पातळ होतं, लव दबते, आणि वारा आरपार जातो. मांडीवरच्या ग्रिपरने, म्हणजे कापड सरकू नये म्हणून कडेला लावलेल्या रबरी पट्टीने, खोल वण पडत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर माप नक्की वाढवा.

माप बघायचं ते सायकल चालवण्याच्या स्थितीत. आरशासमोर ताठ उभं राहून बिब टाइट्स, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेली टाइट्स, घातली की खांद्याचे पट्टे ओढल्यासारखे वाटतात, आणि माणूस लगेच मोठं माप मागतो. पुढे वाकून हात हँडलवर ठेवल्यासारखे करा, तोच पट्टा बरोबर बसतो आणि पाठीचा खालचा भाग झाकलेला राहतो. सायकल भिंतीला टेकवून तिच्यावर बसलात तर उत्तमच. एक पाय वर, एक खाली ठेवून दोन्ही गुडघे बघा. वाकलेल्या गुडघ्यामागे चुण्यांचा गोळा होऊ नये. पाय सरळ असताना मांडीवरचं कापड चिमटीत धरून बघा. जाडसर घडी सहज हातात आली तर माप मोठं आहे. गुडघा वाकला की खालची कड दोन बोटं वर सरकते, तेव्हाही घोटा झाकलेला राहायला हवा.

यासाठीच ऑर्डर घेताना आम्ही इतके प्रश्न विचारतो. काही जणांना त्याचा कंटाळा येतो, "एल पाठवा ना, मी नेहमी एलच घालतो" असं म्हणतात. पण एल म्हणजे नेमकं किती, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. पाच मिनिटं बोलण्यात गेलेली परवडतात, कारण परत आलेला माल तपासून, धुऊन, पुन्हा बांधण्यात आमचा अर्धा दिवस जातो आणि तुमची एक थंडीतली रविवारची फेरी बुडते. घरी घालून बघा, लेबल काढू नका, आणि फक्त त्या वेळेपुरती आत अंतर्वस्त्र ठेवा. सायकलवर फिरून आलेली पॅडवाली टाइट्स आम्ही परत घेत नाही. ती दुसऱ्याच्या अंगाला लागणार असते. हा नियम कडक वाटतो हे मान्य, पण तुम्हाला मिळणारी प्रत्येक टाइट्स कोरी असते ती याच नियमामुळे.

कोणत्या हवेला काय, हा हिशेब साध्या वेगाने जाणाऱ्यासाठी सांगतो. 12 ते 18 अंशांत नी वॉर्मर (फक्त गुडघा झाकणारी, शॉर्ट्सबरोबर घालायची वेगळी बाही) किंवा पोटरीपर्यंतची टाइट्स पुरते. 7 ते 12 मध्ये लेग वॉर्मर (तशीच बाही, पण मांडीपासून घोट्यापर्यंतची), किंवा पातळ पूर्ण टाइट्स. त्याखाली आतून लव असलेली थर्मल टाइट्स. या कापडाला धंद्यात सर्रास 'रुबे' म्हणतात, उत्तर फ्रान्समधल्या त्या गावावरून जिथे दगडी रस्त्यांची प्रसिद्ध शर्यत संपते. शून्याच्या आसपास मांडी आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला वारा अडवणारं कापड असलेली टाइट्स घ्या. तिची मागची बाजू साधीच असते आणि तशीच असायला हवी, कारण वारा पुढून लागतो आणि घाम मागून सुटतो. पूर्ण पाय वारा अडवणाऱ्या कापडाचा मागणाऱ्यांना आम्ही शक्यतो परावृत्त करतो. निघाल्यावर पहिली दहा मिनिटं किंचित गार वाटलं तर निवड बरोबर आहे.

पहिल्यांदाच घेत असाल तर जाड टाइट्स घेऊ नका, लेग वॉर्मर घ्या. त्यात आमची विक्री कमी होते, तरी आम्ही हेच सांगतो. आहे त्या शॉर्ट्सबरोबर चालतात, ऊन चढलं की उतरवून पाठीमागच्या खिशात जातात, आणि वर्षातले सर्वांत जास्त दिवस तेच कामी येतात. डावा-उजवा बघून घाला, आणि वरची कड शॉर्ट्सच्या आत किमान चार बोटं जाऊ द्या. शॉर्ट्सच्या बाहेर राहिली की ती खाली सरकतेच, मग ग्रिपर खराब असल्याची तक्रार येते.

पाऊस असेल तर चाकांना मडगार्ड लावा. नडगी आणि पाऊल भिजतं ते आभाळातल्या पाण्याइतकंच चाकाने उडवलेल्या पाण्याने, आणि त्याला कोणतीही टाइट्स पुरी पडत नाही. घोट्याजवळ चमकणारी पट्टी असलेली टाइट्स आम्ही आवर्जून ठेवतो. वरखाली होणारी चमक दिसली की मागच्या गाडीवाल्याला पुढे सायकल आहे हे लगेच कळतं.

धुताना उलटी करा, झिप लावून घ्या, पाणी 30 अंशांपेक्षा गरम नको. कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात घालू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड घाम ओढेनासं होतं. इस्त्री नको, सावलीत वाळवा.

ऑर्डर देताना तीन मापं कळवा. मांडीच्या मधोमध घेर, कंबर, आणि जांघेपासून घोट्यापर्यंतची आतली लांबी. टेप कातडीला लागून, न दाबता धरा, आणि मांडीचा घेर दोन्ही पायांचा घ्या, कारण दोन्हींत थोडा फरक असतो. जो मोठा असेल तो लिहा. त्याखाली दोन ओळी आणखी लिहा, सकाळी किती वाजता निघता आणि एका वेळी किती तास चालवता. माप दोन आकारांच्या मध्ये येत असेल तर स्वतः ठरवू नका, फोन करा.