राउटरला कुलूप कुठून आलं

डिचोलीतलं आमचं घर जुनं, भिंती चिऱ्याच्या, त्यामुळे आतल्या खोलीतला वायफाय राजांगण ओलांडून सोप्यावर येईपर्यंत अगदीच मरतो. मागच्या पावसात चुलतभावाने राउटरच्या सेटिंगमध्ये इंडिया काढून दुसराच देश टाकला, तिथली मर्यादा वेगळी म्हणून सिग्नलची पॉवर वाढते म्हणे. मी ते परत इंडिया करायला लावलं तर म्हणाला, मशीन आपलं, पैसे आपले, सरकारचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे, म्हणून मागचं सांगतो.

२००२ च्या शेवटी लिंक्सिस कंपनीचा निळा-काळा डब्ल्यूआरटी५४जी राउटर आला. आत लिनक्स हे खुलं सॉफ्टवेअर होतं, म्हणून त्याच्या लायसनप्रमाणे कंपनीला २००३ मध्ये कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं, मग डीडी-डब्ल्यूआरटी वगैरे, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) घालता येणारी लोकांनी बनवलेली फर्मवेअर. ही फार मोठी गोष्ट झाली, कारण कंपनीने अपडेट बंद केले की राउटरमधली सुरक्षेची भोकं तशीच राहतात, ती लोकांनीच बुजवायला घेतली.

दुसऱ्या बाजूला अमेरिकेत विमानतळांजवळचे हवामान रडार वायफायच्याच ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात, ५.६ गिगाहर्ट्झवर चालतात, उतरत्या विमानाला वाऱ्याच्या अचानक झोताची सूचना तेच देतात. पोर्टो रिकोत सान हुआनच्या रडारला ५ गिगाहर्ट्झच्या बिनतारी उपकरणांचा त्रास झाला, रडार दिसलं की चॅनल सोडायची सोय त्या उपकरणांत नीट चालत नव्हती. म्हणून एफसीसीने, म्हणजे बिनतारी लहरींचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये नियम केला की अशा उपकरणांतल्या रेडिओचं, म्हणजे लहरी सोडणाऱ्या भागाचं, सॉफ्टवेअर कुणाला बदलता येऊ नये. इथवर मला पटतं. पण मार्च २०१५ च्या कागदात कंपन्यांना चक्क विचारलं की डीडी-डब्ल्यूआरटी कसं रोखणार, आणि नुसता रेडिओचा भाग लॉक करण्यापेक्षा अख्खा राउटर लॉक करणं कंपनीला स्वस्त पडतं. लोक खवळले. इंटरनेटच्या जनकांपैकी एक व्हिंट सर्फ यांच्यासकट २६० हून जास्त जाणकारांनी ऑक्टोबरमध्ये पत्र दिलं, नोव्हेंबरमध्ये एफसीसीने कागदातून डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव काढलं आणि सांगितलं की आम्हाला फक्त रेडिओच्या मर्यादेशी मतलब आहे.

२०१६ मध्ये टीपी-लिंक या राउटर कंपनीला एफसीसीकडे २ लाख डॉलर भरावे लागले, का तर देश बदलून पॉवर वाढवता येत होती म्हणून, नेमकं चुलतभावाने केलं तेच! आणि त्याच समझोत्यात कंपनीने बाहेरचं फर्मवेअर घालता यावं यासाठी काम करण्याचंही कबूल केलं. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र जवळ ठेवायलाच लायसन लागायचं. २००५ मध्ये वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला त्यातून सूट मिळाली आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे झाले, पण ती सूट ठरलेल्या पॉवरच्या आत राहिलात तरच. देश बदलून ती मर्यादा ओलांडली की सूटही गेली. मग आम्ही घरातला जुना राउटर काढला, त्यात ओपनडब्ल्यूआरटी घातलं, कौलांखालून केबल नेली आणि तो सोप्यावर टांगला, देश इंडियाच ठेवून.