पुजारी देवाचा, पुरोहित यजमानाचा

गणपती जवळ आले की पुण्यात कोथरूडपासून हडपसरपर्यंत एकच वाक्य कानावर येतं : "आमच्याकडे पूजा करायला पुजारी येणार आहेत." बातम्यांतही देवळातला तो पुजारी आणि लग्न लावणाराही पुजारीच. इंग्रजी 'प्रीस्ट'चं भाषांतर करताना दोघं एका शब्दात कोंबले गेले. त्यात हिंदी मालिकांनी 'पंडितजी' आणले. मराठीत पंडित म्हणजे विद्वान. घरी येतात ते गुरुजी किंवा भटजी, आणि त्यांचं काम पुरोहिताचं.

पुजारी सगळ्यांना ठाऊक आहे. तो एका देवळाशी, एका मूर्तीशी बांधलेला असतो. पहाटे काकडआरती, मग स्नान, वस्त्रं, नैवेद्य, रात्री शेजारती. दर्शनाला कोणी येवो न येवो, त्याचा क्रम चुकत नाही. तो ब्राह्मणच असतो हाही गैरसमज. गावोगावच्या महादेवाची पूजा पिढ्यानपिढ्या गुरवाकडे आहे. बारा बलुतेदारांत गुरव वेगळा आणि जोशी वेगळा होता. देवळाची सेवा आणि घरची कार्यं ही दोन कामं आहेत, हे गावगाड्याला पक्कं कळत होतं.

पुरोहित म्हणजे 'पुढे ठेवलेला'. त्याला देऊळ नसलं तरी चालतं, यजमान मात्र लागतो. आणि सगळा घोटाळा याच शब्दाशी आहे. आज यजमान म्हणजे पाहुण्यांची सरबराई करणारा, नाहीतर कुणाचा तरी नवरा. मुळात तो कर्ता आहे. संस्कृतात स्वतःला फळ मिळावं म्हणून यज्ञ केला तर क्रियापद 'यजते', दुसऱ्यासाठी केला तर 'यजति'. 'यजमान' हे रूप पहिल्यातून आलंय. म्हणजे ज्याची पूजा, तोच ती करणारा. पुरोहित ती त्याच्याकडून करवून घेतो.

हे नुसतं व्याकरण नाही. संकल्प ऐका. 'दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके' असं म्हणत गुरुजी आधी तुम्ही कुठे आणि कधी बसला आहात ते सांगतात. मग तुमचं गोत्र, तुमचं नाव आणि 'मम'. मम म्हणजे माझं. तो 'मी' गुरुजी नव्हेत. पाटावर बसलेले तुम्ही. म्हणून तर पळीतलं पाणी तुमच्या हातून सोडायचं असतं.

आणि नेमकं तेव्हाच यजमान फोटो काढत असतात! परवा एका सत्यनारायणाला संकल्प चालू असताना यजमान उठून पार्किंगचा फोन घ्यायला गेले. गुरुजी थांबले, तर घरचे म्हणाले, "तुम्ही चालू ठेवा." मला मनापासून वाईट वाटलं. त्यापेक्षा अवघडून का होईना, मोबाइलवर पूजा लावून स्वतः हाताने फुलं वाहणारा मला अधिक भावतो. त्याच्याकडे पुरोहित नाही, पण यजमान आहे.

देवळात पावती फाडून अभिषेक केला की मात्र गोंधळ समजण्यासारखा आहे. तिथे पुजाऱ्याच्याच हातून अभिषेक होतो आणि संकल्पात नाव तुमचं येतं. तेवढ्यापुरता तो तुमचाही पुरोहित झालेला असतो. माणूस एक, कामं दोन.

शंका उरली तर श्राद्ध आठवा. तिथे कुणीही म्हणत नाही, "गुरुजी, पिंड तुम्हीच ठेवा." लग्नाचंही तसंच. हिंदू विवाह कायद्याच्या, 1955 च्या, सातव्या कलमात सप्तपदीचा उल्लेख आहे : विधीत सप्तपदी असेल, तर वधूवरांनी मिळून सातवं पाऊल टाकलं की विवाह पूर्ण. त्या कलमात पुरोहिताचं नावही नाही. याच पुण्यात 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि भटाशिवाय लग्नं लागू लागली. लग्न करणारे वधूवरच असतील, तर सांगणारा बदलता येतो, हे त्यांनी करून दाखवलं.

म्हणून स्त्री पुरोहितांवरच्या वादात देवळातल्या सोवळ्याचे दाखले कोणी दिले की मी अडवते. गाभाऱ्यात कोणी जायचं, हा पुजाऱ्याबद्दलचा प्रश्न आहे. त्यावरही माझं मत स्पष्ट आहे, पण तो वेगळा भांडायचा. घरच्या कार्यात सांगणारीला मंत्र स्वच्छ यायला हवेत आणि त्यांचा अर्थ उलगडून सांगता यायला हवा, बस्स. ज्ञानप्रबोधिनी ही पुण्यातली संस्था कित्येक वर्षं स्त्रियांना आणि कुठल्याही जातीच्या माणसांना पौरोहित्य शिकवते आहे. माझ्या घरच्या वास्तुशांतीला तिथेच शिकलेल्या बाई आल्या होत्या. संकल्पाआधी त्यांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ मराठीत सांगितला, मग माझ्या हातात पळी दिली आणि म्हणाल्या, "आता तुम्ही म्हणा."