जगाचा विकासदर घटला, वाढला: बातमीतला आकडा कसा वाचावा?

एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये आमच्याकडचे फोन वाढतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा जागतिक अर्थव्यवस्थेवरचा मुख्य अहवाल या दोन महिन्यांत येतो, बातम्यांत एक आकडा झळकतो आणि मग ‘गुंतवणूक काढून घ्यावी का?’ अशी विचारणा सुरू होते. म्हणून हे पत्रक.

२०२५ चंच बघा. त्या वर्षाच्या जागतिक विकासदराचा नाणेनिधीचा अंदाज जानेवारीत ३.३ टक्के होता. २ एप्रिलला अमेरिकेने जवळपास सगळ्या देशांच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं आणि त्याच महिन्यात अंदाज २.८ वर घसरला. जुलैत तो ३ झाला, ऑक्टोबरमध्ये ३.२. म्हणजे फिरून जवळपास पहिल्याच जागी! कारणं अशी: शुल्क लागू होण्याआधी व्यापाऱ्यांनी गोदामं भरून घेतली, प्रत्यक्षातलं शुल्क आधी जाहीर झालं त्यापेक्षा कमी बसलं, डॉलरही उतरला. एप्रिलमध्ये कोसळलेला अमेरिकी शेअर बाजार जूनअखेर नव्या उच्चांकावर होता. घाबरून विकलेल्यांना ही तेजी मिळाली नाही. अर्थात, आगाऊ भरलेला माल पुढची मागणी खातो, त्यामुळे त्या सुधारणेवरही आम्ही फार हुरळलो नाही.

दुसरा घोळ दोन संस्थांच्या आकड्यांचा. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये त्याच वर्षासाठी २.३ टक्के सांगितले, नाणेनिधीने जुलैत ३. फरक बराचसा मोजण्याच्या पद्धतीतून येतो. नाणेनिधी प्रत्येक देशाचं वजन तिथल्या क्रयशक्तीनुसार, म्हणजे तिथल्या पैशात तिथे किती माल येतो त्यानुसार, धरतो, त्यामुळे वेगाने वाढणाऱ्या विकसनशील देशांचा वाटा मोठा होतो. बँक विनिमय दराने हिशेब मांडते. तेव्हा एकाच संस्थेचा मागचा आणि आताचा अंदाज शेजारी ठेवा. आणखी एक आकडा लक्षात असू द्या: २००० ते २०१९ या काळातली सरासरी ३.७ टक्के होती. तीनच्या आसपास रेंगाळणं म्हणजे मंदी नव्हे, पण जग पूर्वीच्या वेगाने चालत नाही, एवढं नक्की.

नेत्यांनी काय करायला हवं? आमच्या मते सर्वांत आधी सरकारांच्या कर्जाचा प्रश्न सोडवायला हवा. २०२२ मध्ये जगातली महागाई सरासरी ८.७ टक्क्यांच्या घरात गेली. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात शून्याजवळचा व्याजदर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेला. महागाई उतरली, पण सरकारांच्या डोक्यावर महाग व्याज बसलं. २०२४ मध्ये जगातलं सार्वजनिक कर्ज १०० लाख कोटी डॉलरच्या पुढे गेलं. आफ्रिकेतल्या झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये रोख्यांचं व्याज थकवलं. कर्ज देणाऱ्या सरकारांशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडलं, रोखेधारकांशी त्याहून उशिरा. जी-२० देशांनी अशा प्रकरणांसाठीच २०२० मध्ये सामायिक चौकट आखली होती. एवढा वेळ लागणार असेल तर ती चौकट दुरुस्त करणं हे पहिलं काम. मध्यवर्ती बँकांना व्याजदर ठरवताना मोकळीक देणं, हे त्याच्या जोडीचं.

व्यापारात तर पंचच गैरहजर आहे. देशांमधल्या व्यापार तंट्यांचं अपील ऐकणाऱ्या जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळात सात सदस्य असायला हवेत, सुनावणीला किमान तीन. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते बंद आहे. हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण तिथेच लटकतं. शिखर परिषदांचे एकत्र फोटो दरवर्षी निघतात, नेमणुका मात्र होत नाहीत.

अंदाज बदलला म्हणून आम्ही कोणाचीही गुंतवणूक हलवत नाही. येत्या दोन-तीन वर्षांत पैसे लागणार असतील किंवा बदलत्या व्याजदराचं कर्ज असेल, तर मात्र भेटायला या. तुमच्यासाठी विकासदरापेक्षा व्याजदर महत्त्वाचा आहे. येताना कर्जाचा करार आणि हप्त्यांचा तक्ता सोबत आणा.