केबलवाल्याच्या तारेवरून आलेलं इंटरनेट : ब्रॉडबँड धोरणाची पार्श्वभूमी, कोल्हापुरातून पाहिलेली

राजारामपुरी असो की शिवाजी पेठ, विजेच्या खांबावर काळ्या तारांची भेंडोळी लटकलेली दिसतात. त्यातली टीव्हीची कुठली आणि इंटरनेटची कुठली, हे ओढणाऱ्यालाच ठाऊक. वायफायचा डबा बसवायला येतो तोही बऱ्याचदा ओळखीचाच निघतो, पूर्वी महिन्याच्या महिन्याला केबलचे पैसे मागायला येणारा. टेलिफोनची तांब्याची तार शहरात आधीपासून होती, तरी इंटरनेट केबलवाल्याच्या हातून का आलं? याचं बरंचसं उत्तर ऑक्टोबर २००४ मध्ये दिल्लीत झालेल्या एका निर्णयात सापडतं.

त्याआधीचं थोडक्यात. १८८५ च्या तार कायद्याने तारा टाकण्याचा आणि चालवण्याचा हक्क एकट्या सरकारकडे ठेवला, इतरांना फक्त परवान्याने. फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं हा त्याच मक्तेदारीचा प्रसाद. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही आधी महानगरांत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारं उघडली. परवाने तीन प्रकारचे होते : देशभराचा, एका दूरसंचार मंडळाचा (म्हणजे साधारण राज्याएवढ्या क्षेत्राचा) आणि साधारण जिल्ह्याएवढ्या क्षेत्राचा. तिसऱ्या प्रकारामुळे कोल्हापूरच्या एखाद्या उद्योजकालाही आपल्या जिल्ह्यापुरता परवाना घेता येत होता. कागदावर हे फारच उदार धोरण होतं. पण ग्राहकाच्या घरापर्यंत पोचायला रस्ता एकच, सरकारी टेलिफोनची तार. मोडेम किरकिरणार, घरचा फोन तेवढा वेळ अडकून पडणार आणि इंटरनेटच्या पैशांवर फोनचं बिल वेगळं. ऑक्टोबर २००० मध्ये दूरसंचार खात्याच्या सेवा बीएसएनएलकडे गेल्या, तार मात्र त्याच घरात राहिली.

आता २००४. त्या वर्षी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ब्रॉडबँडविषयी शिफारशी दिल्या. त्यातली कळीची शिफारस अशी होती, की बीएसएनएल आणि मुंबई-दिल्लीतली सरकारी फोन कंपनी एमटीएनएल यांच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही रास्त भाड्याने वापरू द्याव्यात. तार बीएसएनएलची, पण तिच्यावरून इंटरनेट कुणाचं घ्यायचं ते ग्राहक ठरवणार. युरोपातल्या अनेक देशांनी तेव्हा हाच मार्ग धरला होता. बीएसएनएलच्या बाजूचा युक्तिवादही अगदीच पोकळ नव्हता. तारा आम्ही लोकांच्या पैशातून टाकल्या, खेड्यांतला तोटा आम्ही सोसायचा आणि शहरातल्या मलईवर दुसऱ्यांनी ताव मारायचा का, असा तो सवाल होता. १४ ऑक्टोबर २००४ ला ब्रॉडबँड धोरण जाहीर झालं. तारा खुल्या करण्याची सक्ती त्यात नव्हती, आपसांत करार करायची मुभा तेवढी होती. मक्तेदाराला आपसांत करार करायची मुभा दिली की काय होतं, ते कुणी वेगळं सांगायला नको.

त्याच धोरणात आणखी एक वाक्य होतं, ज्याची तेव्हा फारशी चर्चा झाली नाही. केबल टीव्हीचं जाळं इंटरनेट कंपनीची फ्रँचायझी म्हणून वापरता येईल, असं ते वाक्य. पुढच्या दरवाजाला कडी लावून मागचा उघडा ठेवला गेला. कोल्हापूरसारख्या शहरात स्पर्धा आली ती याच मागच्या दरवाजाने.

धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस वेग, अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती ५१२ झाली आणि २ एमबीपीएसवर यायला २०२३ उजाडलं. उद्दिष्ट होतं २०१० अखेर दोन कोटी ग्राहकांचं. गाडी एक कोटीच्या आसपासच अडली. दरम्यान लँडलाइन काढून टाकण्याची लाट आली आणि जी तार कुणाला द्यायची नाही म्हणून जपली, ती जमिनीतच कुजत गेली. मला विचाराल तर २००४ ची ही चूक मोबाइल परवान्यांच्या गाजलेल्या टूजी वादापेक्षा महाग पडली, कारण टूजीचे १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द तरी केले. वाया गेलेली तार परत आणायला कुठलं न्यायालय नव्हतं.

मोबाइलमध्ये स्पर्धा लवकर आली, पण तिचा नकाशा वेगळा होता. परवाने जिल्ह्याला नव्हे, मंडळाला. कोल्हापूर महाराष्ट्र-गोवा मंडळात, म्हणजे पुणे, नाशिक, नागपूर आणि पणजी यांच्याच पंगतीत. सुरुवातीला या मंडळात दोन खासगी कंपन्या होत्या, बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. त्यातली दुसरी पुढे आयडिया झाली. मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर आणि आलेल्या फोनचेही पैसे. आलेल्या फोनचे पैसे २००३ मध्ये थांबले. परवान्यातली अट वाचण्यासारखी आहे : तीन वर्षांत मंडळातल्या निम्म्या जिल्हा मुख्यालयांत सेवा द्यायची. म्हणजे कोल्हापूर शहरात टॉवर उभे केले की कंपनीच्या खात्यात जिल्ह्यापुढे बरोबरची खूण. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांचा त्या हिशेबात संबंधच नव्हता. डोंगरात रेंज नाही ही तक्रार आपण कंपनीच्या नावाने करतो, पण तिचं मूळ अटीच्या त्या ओळीत आहे. उरलेल्या भागासाठी कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के हिस्सा घेऊन सार्वत्रिक सेवा निधी उभारला गेला. पैसा जमला भरपूर, खर्च व्हायला वेळ लागला. न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची फोरजी योजना मंजूर व्हायला जुलै २०२२ उजाडलं.

या इतिहासात कोल्हापूरचं स्वतःचं एक पान आहे, वारणेचं. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी संकुलाभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकाने जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेतला गेला. केंद्राचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, राज्य सरकार आणि वारणेचा साखर कारखाना असा तिघांचा मेळ होता. देशात इंटरनेट अजून शहरी चीज असताना इथे खेड्यांत संगणक केंद्रं आली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळं त्यावर मिळावं अशी कल्पना. शेतकऱ्याने प्रत्यक्षात वापरलं ते उसापुरतं. नोंद कधीची, तोड कधी येणार, किती टन भरला, खत किती उचललं. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून हीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देऊन पाहिली, आणि काम भागलं. गावात संगणक पोचला म्हणजे इंटरनेट पोचलं, हा हिशेब इथे सगळ्यात आधी चुकला.

तोच हिशेब पुढे पुन्हा झालाच. ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली, तीच नंतर भारतनेट. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्यावर सगळा भर. तिथून घरोघरी तार कुणी ओढायची, देखभाल कुणाची, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहिला. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित योजनेत, सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या, घरांपर्यंतच्या जोडण्यांचा आणि देखभालीचा विचार आला.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्सचं जिओ सुरू झालं, पुढचं सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. फुकट डेटाने दर कोसळले, कंपन्या मिटल्या किंवा एकत्र आल्या, आणि डझनभर नावांच्या जागी तीन खासगी कंपन्या अधिक बीएसएनएल एवढंच उरलं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आठवड्याच्या आत दर वाढवले, तेव्हा लोक सिम घेऊन बीएसएनएलकडे वळले. तिचं फोरजी मात्र तेव्हा अजून देशभर पोचलेलं नव्हतं.

घराच्या तारेवर निदान केबलवाल्यांची स्पर्धा आहे, असं म्हणायला जागा होती. बीएसएनएलनेही स्वतःचं फायबर घरोघरी न्यायला स्थानिक ऑपरेटरच महसुलातला वाटा देऊन जोडीला घेतले. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये रिलायन्सने डेन आणि हॅथवे या दोन मोठ्या केबल कंपन्यांत बहुमताचा हिस्सा घेण्याचा सौदा जाहीर केला. गल्लीतला माणूस तोच राहिला तरी त्याच्या मागची कंपनी बदलू शकते, हे तेव्हा दिसलं.

शिल्लक राहिला रस्ता. फायबर जमिनीखालून न्यायचं तर खोदाईची परवानगी, शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च. खांबावरून नेलं तर खोदाईही नाही आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्चही नाही. म्हणून तर ती भेंडोळी. २०१६ च्या नियमांनी परवानगीला ६० दिवसांची मुदत घातली आणि प्रशासकीय शुल्काला किलोमीटरमागे हजार रुपयांची मर्यादा, पण अंमल शेवटी राज्यांच्या आणि महापालिकांच्या हातात राहिला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. एका खोदाईत सगळ्यांसाठी एकच सामायिक नळी टाकून ती सर्वांना सारख्या भाड्याने द्यायची, ही सोय आता कायद्याच्या चौकटीत बसते. २००४ मध्ये तांब्याच्या तारेबाबत ट्रायने मागितलं होतं, ते याच्याहून फार वेगळं नव्हतं.