पार्श्वभूमी : किनारा नसलेल्या खान्देशातील ‘दीपस्तंभ’

दरवर्षी ६ जानेवारीला, पत्रकार दिनी, खान्देशातील एखाद्या ज्येष्ठ संपादकाला शाल-श्रीफळ दिले जाते, मानपत्र वाचले जाते आणि त्यात ‘पत्रकारितेचा दीपस्तंभ’ हे शब्द हमखास येतात. तापी येथून वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते खरी, पण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना किनारा नाही. तरीही हा शब्द येथे परका वाटत नाही, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे देवळापुढची दगडी दीपमाळ असते.

या रूपकाच्या मुळाशी दोन वेगळी कामे आहेत. डोंगरमाथ्यावर पेटवलेला जाळ शत्रू आल्याची वर्दी देई. म्हणजे तो स्वतःच बातमी होता, मात्र आधी ठरलेली एकच. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या, इ. स. पू. तिसऱ्या शतकातील दीपगृहासारखे मनोरे काही कळवत नसत; ते जागा न सोडता उभे राहत आणि वाट नावाडी शोधी. इंग्रजी वृत्तपत्रांनी दोन्ही अर्थ उचलले. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १८३९ मध्ये ‘समिट बीकन’ (बीकन म्हणजे इशाऱ्याचा जाळ) हे पत्र निघाले, तर स्क्रिप्स वृत्तपत्रसमूहाने दीपगृह हेच बोधचिन्ह केले.

मराठीत मात्र आरंभ दिव्याने झाला नाही, आरशाने झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, आणि आरसा असलेले तेच दाखवतो. त्यानंतर ‘प्रभाकर’ (१८४१), ‘ज्ञानोदय’ (१८४२), ‘ज्ञानप्रकाश’ (१८४९), ‘इंदुप्रकाश’ (१८६२), ‘अरुणोदय’ (१८६६) अशी उजेडाची नावे एकामागून एक आली. ती नीट पाहिली, तर हा उजेड सूर्यचंद्राचा, सर्वांवर सारखा पडणारा आहे. उंचावर एकट्याने जळणाऱ्या दिव्याचा नाही. पत्राऐवजी पत्रकाराला दिवा म्हणणे ही मला गौरवलेखांची आणि मृत्युलेखांची भाषा वाटते. बोलीने या बाबतीत सावधपणा राखला आहे: वाट दाखवणारा टेंभाच ‘टेंभा मिरवणे’ या वाक्प्रचारात बढाईचे चिन्ह झाला.

खान्देशापुरते बोलायचे, तर साने गुरुजींचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक हाताने लिहून काढत. छापखाना नाही, वर्गणी नाही, शाईने भरलेला कागद आणि तो वाचणारी मुले एवढाच त्याचा पसारा. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक, १९३८ मध्ये अमळनेरहूनच ‘काँग्रेस’ साप्ताहिक आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी मुंबईत ‘साधना’ निघाले. यांतील एकाही नावात दिवा, ज्योत किंवा प्रकाश नाही. पहिली दोन तर सरळ वाचकाचीच आहेत. गुरुजींना दीपस्तंभ म्हटले ते मागाहून आलेल्यांनी.