महिला लोकप्रतिनिधी आणि शिक्षण (स्थानिक स्वराज्य संस्था)

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांत निवडून येणाऱ्या स्त्रियांच्या कारभाराशी शालेय शिक्षण, प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामातून येणारे शहाणपण यांचा असलेला संबंध. या तिन्हींपैकी केवळ शालेय शिक्षणाकडे पाहून महिला प्रतिनिधींची पात्रता ठरवण्याचा प्रघात आहे. तो अपुरा आहे आणि अनेकींवर अन्याय करणाराही.

महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा १९९० मध्येच राखून ठेवल्या होत्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि देशभरातील पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा व तेवढीच अध्यक्षपदे स्त्रियांकडे आली. ७४ व्या दुरुस्तीने शहरी संस्थांतील जागांसाठी तशीच तरतूद केली. पुढे बिहारने २००६ मध्ये आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. १९९१ च्या जनगणनेनुसार देशातील स्त्रियांची साक्षरता जेमतेम ३९ टक्के होती. म्हणजे पंचायतीत आलेल्या पहिल्या पिढीतील कितीतरी जणींना शाळेने कधी उंबऱ्याच्या आत घेतलेच नव्हते.

अक्षरओळखीचा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो तो सहीच्या वेळी. सभा झाल्यावर इतिवृत्ताची वही सदस्यांपुढे फिरते. ठराव नंतर लिहून घेऊ म्हणून कोऱ्या जागेखाली सह्या घेण्याची वाईट सवय अनेक ठिकाणी आहे. जिला वाचता येते ती वर काय लिहिले आहे ते विचारते, ठरावाला सूचक आणि अनुमोदक कोण ते पाहते, आपला विरोध नोंदवला गेला की नाही याची खात्री करते. जिला वाचता येत नाही तिला शेजारच्या माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि तो माणूस बहुधा त्याच ठरावात रस असलेला असतो. आता गावच्या निधीची देयके सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन निघतात. ती सही ज्या डोंगलमध्ये (संगणकाला जोडायच्या छोट्या उपकरणात) असते, तो डोंगल नवऱ्याच्या खिशात किंवा संगणकचालकाच्या खणात असेल, तर सरपंचबाई पदवीधर असूनही व्यवहार तिच्या हाती नसतो. बायको पदावर आणि कारभार नवऱ्याकडे, हा ‘सरपंचपती’ प्रकार निरक्षरतेपेक्षा घरातील सत्तेच्या वाटणीतून जन्माला येतो. नुसत्या शाळेच्या दाखल्याने तो संपत नाही.

पैशाचा हिशेब वाचता येणे हे दुसरे मोठे बळ. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२०–२६) निधी बंधित आणि अबंधित अशा दोन भागांत दिला गेला. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी वापरावी, असाही नियम आहे. ही माहिती असलेली सदस्य अंदाजपत्रकाच्या सभेत ती रक्कम कशावर खर्ची पडली ते विचारू शकते. हे ज्ञान शाळेच्या पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते प्रशिक्षणातून, शासन निर्णय वाचून आणि आधीच्या सदस्यांकडून मिळते.

राजकारणाचे पहिले धडे बहुतेकींनी पंचायतीबाहेर गिरवले. बचत गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी ऐकणे, नाही म्हणणे, वहीत नोंद करणे, बँकेत जाऊन साहेबांशी बोलणे यांतून चारचौघांत बोलण्याची भीड मोडली. त्याआधी, नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे चांदवड येथे मोठे अधिवेशन झाले आणि त्यानंतरच्या ग्रामपंचायत निवडणुकांत जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांत सर्व जागांवर स्त्रियाच निवडून आल्या. घटनादुरुस्तीच्या आधीची ही गोष्ट आहे, आणि आंदोलन हेच तेथील स्त्रियांचे राजकीय शिक्षण होते.

शिक्षणाची अट घालावी का, हा यातील सर्वांत वादाचा मुद्दा. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने अनेक प्रांतांत साक्षरता ही स्त्रीच्या मताधिकाराची एक पात्रता ठरवली होती. संविधानाने सार्वत्रिक प्रौढ मताधिकार देऊन ती निकाली काढली. मात्र राजस्थानने डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून सरपंचपदासाठी आठवी, तर पंचायत समिती व जिल्हा परिषदेसाठी दहावी उत्तीर्ण ही अट आणली. २०१९ मध्ये ती रद्द झाली. हरियाणाने २०१५ मध्ये तशीच अट घातली, स्त्रियांना आठवीपर्यंत सवलत दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१५ रोजी राजबाला खटल्यात तो कायदा वैध ठरवला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरपंचासाठी सातवी उत्तीर्ण ही अट आणताना ती १ जानेवारी १९९५ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांपुरतीच ठेवली. लहानपणी शाळा हुकलेल्या प्रौढ स्त्रियांना त्यामुळे दार बंद झाले नाही, हा या तरतुदीचा शहाणपणा. मुलीला शाळेत न घालणारे घर आणि तिच्यापर्यंत शाळा न नेणारे शासन दोषी असताना शिक्षा तिलाच देणे न्याय्य ठरत नाही.

शिक्षणाने स्त्री राजकारणात येते, हे खरे. उलट्या दिशेनेही परिणाम होतो. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्या गावांत प्रधानपद (तेथील सरपंचपद) दोनदा स्त्रियांसाठी राखीव होते तेथे किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातील तफावत नाहीशी झाली, मुलींकडून आईवडील अधिक अपेक्षा करू लागले आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ घटला. खुर्चीवर बसलेली बाई रोज नजरेस पडणे, हेच मुलींच्या शिक्षणाला पाठबळ देणारे ठरले.

महाराष्ट्रात निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे काम पुण्यातील ‘यशदा’ ही संस्था पाहते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूदही शिकण्याची हक्काची जागा आहे. ती कागदावर उरकली जाते तेथे मोठे नुकसान होते. आणखी एक अडचण आरक्षण फिरते असल्याची. पाच वर्षांत कारभार उमगलेल्या स्त्रीचे पद पुढच्या खेपेस खुले होते. खुल्या जागेवर लढायला तिला कायद्याची आडकाठी नाही, पण गावकी आणि पक्ष तेथे पुरुषाचेच नाव पुढे करतात, आणि पुढच्या आरक्षित जागेवर येणारी नवखी स्त्री पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करते.